बंदूक निर्दोष आहे

आमच्या घरात बंदूक आहे असे कळले, की नवा पाहुणा खुर्चीत थोडा सावरून बसतो. मग त्याची नजर भिंतीवरून फिरते. तिथे वाघाचे मुंडके नसते, ढाल-तलवार नसते. महिन्याचे कॅलेंडर असते आणि नातवाच्या मुंजीचा फोटो असतो. थोड्या वेळाने तो आवाज खाली आणून विचारतो, "शिकारीचा शौक आहे वाटते?" मी सांगतो, की शिकारीचे दिवस १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याबरोबर गेले, आणि माझ्या बंदुकीने आजवर कागदाखेरीज कशालाही भोक पाडलेले नाही. हे ऐकून त्याची जी निराशा होते ती पाहण्यासारखी असते. रविवारी पहाटे उठायचे, सहा किलोंचे धूड गाडीत घालायचे, गावाबाहेर जायचे, सतरंजीवर पालथे पडायचे आणि पन्नास मीटरवरच्या कागदाला साठ भोके पाडून परत यायचे, यात पुरुषार्थ तो काय? हा प्रश्न आमच्या घरातही गेली बावीस वर्षे अधूनमधून निघतो. फरक इतकाच, की पाहुणा तो मनात विचारतो आणि आमची ही मोठ्याने विचारते.

तेव्हा प्रथम या बंदुकीची ओळख करून देतो. खरे म्हणजे तिला बंदूक म्हणू नये, ती रायफल. तिच्या नळीच्या आत पीळ घातलेल्या चऱ्या असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते, आणि फिरत जाते म्हणून सरळ जाते. माझी रायफल 'पॉइंट टू-टू'ची, म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतल्या बावीस भागांएवढ्या गोळीची. तिचा जन्म जर्मनीतल्या उल्म गावचा. डॅन्यूबच्या काठचे हे गाव जगाला आइन्स्टाइनचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. आम्हा नेमबाजांना ते आन्शुट्झ आणि वाल्थर या दोन कारखान्यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. हे दोन्ही कारखाने मूळचे झेला-मेहलिस या थुरिंगियातल्या एकाच गावचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख पूर्व जर्मनीत गेला, तेव्हा दोघेही तिथून उठले आणि उल्मला येऊन पुन्हा एकमेकांचे शेजारी झाले. फाळणीनंतर असे उठून आलेले दुकानदार आपण पुण्या-मुंबईत पाहिले आहेत. म्हणून की काय, मला या दोन निर्वासितांविषयी उगाच आपुलकी वाटते.

हिच्या रचनेला 'बोल्ट ॲक्शन' म्हणतात. नावाने बिचकू नये. आपल्या न्हाणीघराच्या दाराला आडवी सरकणारी कडी असते ना, तीच ही. कडी वर उचलायची, मागे ओढायची, एक गोळी ठेवायची, कडी पुढे सारायची, खाली पाडायची. दार बंद. प्रशियाच्या सैन्याने ड्रायझे नावाच्या कारागिराची अशी कडीची बंदूक १८४१ साली स्वीकारली. तोवरच्या बहुतेक बंदुका तोंडातून ठासायच्या असत; १८५७ साली ज्यांच्या काडतुसांवरून आपल्याकडे आग पेटली त्या एन्फील्ड बंदुकाही तशाच होत्या. तोंडातून ठासायची म्हणजे उभे राहणे आले. १८६६ साली केनिगग्रेट्सच्या लढाईत ऑस्ट्रियाचे शिपाई उभे राहून बंदुका ठाशीत होते, आणि प्रशियाचे शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या कडी सारीत होते. लढाई कोणी जिंकली हे सांगायला नको. पुढे माउझरने ही कडी १८९८ सालच्या नमुन्यात जवळजवळ पूर्णत्वाला नेली, आणि इंग्रजांच्या ली-एन्फील्डच्या रूपाने तिचे एक भावंड आपल्या पोलिसांच्या खांद्यावर 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मिरवले.

सैन्यांनी ही कडी केव्हाच सोडून दिली. त्यांना भराभर झाडायचे असते. आम्हाला घाई नसते. चाप ओढला आणि गोळी सुटली, तरी नळीमागचे दार घट्ट लागलेले, काही हलत नाही, काही उघडत नाही. प्रत्येक वेळी तेच दार, त्याच जागी, तितकेच घट्ट. नेमबाजीत अचूकपणा म्हणतात तो एवढाच: कालचेच आज पुन्हा, जसेच्या तसे. आपल्याकडे नेम या शब्दाचा दुसरा अर्थ व्रत असा आहे. शब्द घडविणाऱ्याने बंदूक पाहिली नसेल, पण त्याला गोष्ट नेमकी कळली होती.

मला हा नाद लागला कॉलेजातल्या एन. सी. सी.मुळे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी तिथेच पहिली गोळी झाडली असेल. अंजली भागवतांच्या हातातही रायफल प्रथम एन. सी. सी.तच आली, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. माझा पल्ला तेवढा नव्हता. आम्हाला पाच गोळ्या मिळत. त्यांतल्या चार माझ्या निशाणावर सापडल्या आणि पाचवी शेजाऱ्याच्या निशाणावर, एवढे आठवते. पुढे नोकरी, संसार, बदल्या. चाळिशी उलटल्यावर एका वयोवृद्ध नेमबाजाने आपली रायफल उतारवयामुळे विकायला काढली, तेव्हा ती मी घेतली. 'घेतली' हे क्रियापद एका शब्दाचे असले तरी ती क्रिया सव्वा वर्ष चालली होती. आपल्याकडे रायफल म्हणजे भाजी नव्हे. परवाना, असोसिएशनचे पत्र, स्पर्धेतले गुण, पोलीस चौकशी, हस्तांतराचे कागद. शेजाऱ्यांकडे पोलीस येऊन माझ्या वर्तणुकीची चौकशी करून गेले, तेव्हा समोरच्या काकूंनी, "माणूस सज्जन आहे, पण पाण्याची मोटर बंद करायला विसरतो," अशी साक्ष दिली. परवाना तरीही मिळाला.

आता निशाणाचे माप सांगतो, म्हणजे पुढचे भांडण कळेल. पन्नास मीटरवर जे दहा गुणांचे वर्तुळ असते त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर; सदऱ्याच्या बटणाएवढे. गोळीचा व्यास ५.६. गोळीची कड रेषेला नुसती शिवली तरी गुण मिळतो, एवढी उदारता नियमांत आहे. म्हणजे गोळीचा मध्य निशाणाच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपेक्षा दूर गेला, की दहाचे नऊ झाले. आता गंमत पाहा. नळीच्या टोकाला जी माशी असते, म्हणजे नेम धरायची खूण, ती डोळ्यापासून हातभराहून थोडी अधिक दूर. पन्नास मीटरवर आठ मिलिमीटर चुकायला ही माशी किती ढळावी लागते? हिशेब करून पाहिला तर मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. या अंकाच्या कागदाची जी जाडी, साधारण तेवढी. आणि हे सर्व करीत असताना छातीत काळीज उड्या मारीत असते, श्वास चालू असतो, कोपराखाली खडा टोचत असतो, आणि शेजारचा गृहस्थ खोकत असतो.

एवढ्या बारीक जागेत चूक कुठे झाली हे शोधायचे, म्हणजे वादाला तोटा नाही. आमच्या रविवारच्या मंडळात रायफलवाले मालक चौघे. एक निवृत्त इंजिनियर, एक दातांचे डॉक्टर, एक कोल्हापूरकर व्यापारी आणि मी. साठ गोळ्या झाडायला पाऊण तास लागतो. त्यांच्यावर बोलायला दोन तास. बायका जमल्या की साड्यांवर बोलतात असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या रेंजवरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहावे. कुणाच्या रायफलचा काठपदर काय, पोत काय, केवढ्याला पडली, कुठून आणली, धुतल्यावर कशी राहिली, इथपर्यंत सर्व चौकशी होते.

इंजिनियरसाहेबांचा विश्वास नळीवर. नळी हा रायफलचा आत्मा, बाकी सर्व देह, असे त्यांचे तत्त्वज्ञान आहे. त्यांनी जुनी नळी काढून नवी बसविली, तेव्हा तिच्यासाठी परदेशाशी झालेला पत्रव्यवहार एखाद्या मुलीच्या स्थळासाठी होतो त्याहून थोडा अधिकच होता. आणि जो खर्च आला त्यात एक नवी स्कूटर आली असती. हे वाक्य माझे नव्हे, त्यांच्या सौभाग्यवतींचे. डॉक्टरांचा विश्वास चापावर. चाप किती वजनाला सुटावा, पहिल्या टप्प्यात किती आणि दुसऱ्यात किती, हे ते ग्रॅममध्ये मोजतात. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक हत्यारे चालविल्याने त्यांच्या बोटाला ती सवय आहे. "चाप ओढायचा नसतो हो," ते म्हणतात, "तो आपणहून सुटला असे वाटले पाहिजे." त्यांच्या खुर्चीत बसलेल्यांना दाढही अशीच आपणहून सुटली असे वाटते काय, हे मी अजून विचारलेले नाही.

कोल्हापूरकरांनी तर दस्ताच बदलला. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, म्हणून त्यांनी अॅल्युमिनियमचा घेतला. गालाची टेक, खांद्याची टेक, हाताची टेक, सर्व काही स्क्रूने वर-खाली, पुढे-मागे होणारे. रायफल राहिली बाजूला. ती आता सांगाडा उघडा पडलेल्या शिलाई मशीनसारखी दिसते. माझ्या रायफलचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, आधीच्या मालकाच्या गालाने आणि माझ्या गालाने मिळून गुळगुळीत केलेला. "हे लाकूड आता फर्निचरला द्या," असे ते मला दर रविवारी सांगतात. मी म्हणतो, "तुमचा दस्ता स्वयंपाकघरात द्या. भांडी वाळत घालायला बरा."

पण या सर्वांहून विलक्षण प्रकरण म्हणजे गोळ्यांचे. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, एकाच नावाच्या डबीत भरलेल्या गोळ्या. पण सोमवारचा घाणा एका नळीला मानवतो आणि मंगळवारचा मानवत नाही. का, ते नक्की सांगता येत नाही. मेण, शिसे, दारू, काठाची जाडी, यांत केसाएवढा फरक पडत असणार. म्हणून जगातले मोठे खेळाडू आपली रायफल घेऊन थेट गोळ्यांच्या कारखान्यात जातात: इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एलीकडे, जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे. तिथे रायफल लोखंडी पकडीत आवळतात, एकामागून एक घाण्यांतल्या गोळ्या झाडतात आणि जो घाणा सर्वांत लहान पुंजका देईल त्याच्या पेट्या विकत घेतात. पत्रिका जुळविणे म्हणतात ते हेच. आपण छत्तीस गुणांवर भागवतो, हे लोक मिलिमीटरच्या दशांशावर जातात. आमच्यासारख्यांना शोनेबेक कुठले! आम्ही चौघे मिळून निरनिराळ्या घाण्यांच्या डब्या वाटून घेतो, आणि इंजिनियरसाहेबांनी स्वतः बनविलेल्या लोखंडी जबड्यात रायफल अडकवून घरच्या घरी पत्रिका पाहतो.

कोणी म्हणेल, एवढे करून तुम्ही काय मिळवता? कोल्हापूरकरांना हे विचारण्याची सोय नाही. ते लगेच तेजस्विनी सावंत यांचे नाव घेतात. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत, याच पन्नास मीटरवर, याच पालथ्या आसनात त्यांनी ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि सुवर्णपदक आणले. आणि २०२४ सालापासून तर कोल्हापूरकरांच्या हातात हुकमाचा एक्काच आला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस, पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत तिसरा आला. पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा. अंतिम फेरीत ४५१.४ गुण आणि ब्राँझ. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणले होते. त्यानंतर वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या मातीत यायला बहात्तर वर्षे लागली. त्या दिवशी, १ ऑगस्टला, दुपारी आम्ही चौघे डॉक्टरांच्या दवाखान्यात सामना पाहत होतो, आणि खुर्चीतला रोगी तोंड उघडे ठेवून आमच्याबरोबर पाहत होता. शेवटच्या उभ्या आसनात त्या मुलाचे खांदे कसे स्थिर होते हे पाहून इंजिनियरसाहेबसुद्धा नळीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. पाच मिनिटांनी बोलले. पण तोवर नाही.

आता या मंडळात माझे स्थान काय, ते सांगायला हरकत नाही. मी काहीच न बदलणारा मालक. जुनी नळी, जुना दस्ता, जुनी माशी. खंडेनवमीला आम्ही चौघांच्या रायफली एका सतरंजीवर मांडून त्यांना झेंडूची फुले वाहतो. तेव्हा माझी त्या तिघींच्या शेजारी नऊवारीतल्या आत्याबाईसारखी दिसते. पण गुणांत मी फारसा मागे नसे. साठ गोळ्यांत ५८५ ते ५८८ हा माझा वर्षानुवर्षांचा भाव. तेवढ्यावर माझा जुनेपणा मंडळात मानाने नांदत होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर हा भाव उतरू लागला. ५८२. मग ५७८. मग ५७१. नवरात्रात तर एका रविवारी दहाची वर्तुळे सोडून गोळ्या सातापर्यंत हिंडून आल्या. माशी म्हणजे आमच्या रायफलवर खरे तर एक बारीक कडे असते. त्या कड्यात निशाणाचा काळा गोल मधोमध बसवायचा, भोवती सारखा पांढरा काठ ठेवायचा, झाले. इतकी वर्षे मला तो काठ नव्या नाण्यासारखा लख्ख दिसे. आता त्याच्याभोवती ताक सांडल्यासारखे वाटे.

मंडळाची वैद्यकसभा भरली. इंजिनियरसाहेब म्हणाले, नळी संपली. आयुष्यात हजारो गोळ्या पाहिल्या तिने, आता तिला निरोप द्या. डॉक्टर म्हणाले, चाप जड झाला असणार, वंगण सुकले असेल. कोल्हापूरकर म्हणाले, लाकूड फुगले, यंदा पाऊस फार झाला. तिघांच्याही औषधाची किंमत मी मनात मांडली. बँकेत काही रक्कम बाजूला होती. पण पैशापेक्षा दुसरीच एक गोष्ट मला टोचत होती. ज्या वृद्ध गृहस्थांकडून मी ही रायफल घेतली त्यांनी ती मला देताना पेटी बंद केली, कुलूप लावले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मग आपला उजवा हात नुसताच थोडा वेळ पेटीवर राहू दिला. त्यावेळी ते जितक्या वर्षांचे होते, तितक्या वर्षांचा मी आता झालो होतो. रविवार गेला तर माझ्या आठवड्यात उरते काय? सोमवार ते शनिवार मी निवृत्तच आहे.

शेवटी इंजिनियरसाहेबांनी माझी रायफल आपल्या जबड्यात आवळली. माझ्याच डबीतल्या दहा गोळ्या त्यांनी एकेक करून झाडल्या. आम्ही चौघे निशाणापाशी चालत गेलो. दहा भोकांचे मिळून एकच ओबडधोबड भोक झाले होते. कोल्हापूरकरांनी खिशातला एक रुपया काढून त्यावर ठेवला. भोक झाकले गेले. बावीस वर्षांची माझी आणि त्याआधी कोण जाणे किती वर्षांची त्या वृद्धांची, अशी ती नळी तशा जबड्यात इंजिनियरसाहेबांच्या स्कूटरएवढ्या नळीहून काडीभरही मागे नव्हती.

"बंदूक निर्दोष आहे," इंजिनियरसाहेबांनी निकाल दिला. आणि मग चौघेही गप्प झालो. खटल्यात एक आरोपी सुटला, की उरलेल्याकडे पाहणे सभ्यपणाचे नसते.

घरी मी हे काही बोललो नाही. दिवाळी आली. वसुबारसेच्या संध्याकाळी मी गॅलरीत आकाशकंदील टांगला, दिवा लावला आणि सहज म्हणालो, "अगं, यंदाच्या कंदिलाला काय सुंदर प्रभावळ आली आहे बघ! इंद्रधनुष्यासारखी."

ती पणत्यांत तेल घालीत होती. तिने कंदिलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"अहो, प्रभावळ देवाच्या मागे असते. कागदाच्या कंदिलाला नसते. समोरच्या दिव्याला पण दिसते का?"

"दिसते."

"आणि रस्त्यावरच्या?"

"त्यालाही आहे."

"पाडवा झाला की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे," ती म्हणाली आणि पुढच्या पणतीकडे वळली. तीन तज्ज्ञांनी दोन महिने जे शोधले, ते तिने तेलाचा थेंब न सांडता एका मिनिटात शोधले होते.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. भिंग बदलू म्हणाल्या. नवे भिंग कोणत्या अंतरासाठी हवे, दूरच्या की जवळच्या, असे त्यांनी विचारले. कोणी म्हणतो पोथी वाचायची आहे, कोणी म्हणतो गाडी चालवायची आहे. मी म्हणालो, "मला मीटरभरावरची माशी स्पष्ट दिसली पाहिजे, आणि तिच्या पलीकडे पन्नास मीटरवरचा काळा ठिपकाही ओळखू आला पाहिजे." त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग आमच्या खेळाची सर्व हकीकत त्यांनी लक्ष देऊन ऐकली, आणि शेवटी मार्ग काढला: भिंग दूरच्या नजरेचे बसवायचे, आणि नेमबाजीच्या चष्म्यात अर्ध्या नंबरची काच घालायची. जवळच्या माशीला आणि दूरच्या निशाणाला त्यामुळे मधला तह करता येतो.

हे भिंग त्यांनी मला डबीत दाखविले. पारदर्शक, कडेला दोन बारीक मिशा, मधला गोल सहा मिलिमीटरचा. मला हसू आले. माझी गोळीही जवळजवळ तेवढीच असते. पुढे वाचले, की या भिंगाचा जन्मही गोळ्यांतूनच झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांवर गोळ्या बसत, वैमानिकापुढची प्लास्टिकची काच फुटे आणि तिचे कण त्याच्या डोळ्यांत शिरत. हॅरल्ड रिडली या लंडनच्या नेत्रवैद्याने पाहिले, की हे कण डोळ्यात वर्षानुवर्षे राहिले तरी डोळा त्यांना शत्रू मानीत नाही. त्यावरून १९४९ साली त्याने तशाच प्लास्टिकचे भिंग करून माणसाच्या डोळ्यात बसविले. नळीला गोळी मानवते तसे डोळ्याला भिंग मानवले. कुणाच्या वाटच्या गोळ्या कुणाच्या उपयोगी पडतात, याचा खरोखर काही नेम नाही.

शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. त्यानंतर दीड महिना पालथे पडायचे नाही, वजन उचलायचे नाही, अशी बंदी. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी रेंजवर गेलो. पहिल्यांदा डोळा रायफलला लावला तेव्हा चाप ओढलाच नाही. नुसते पाहत राहिलो. कड्याचा काठ काळाभोर, मधला गोल काळाभोर, आणि दोहोंच्या मध्ये तो पांढरा काठ. पांढरा म्हणजे किती पांढरा असतो हे मी विसरून गेलो होतो. त्या दिवशी ५८४ झाले. मार्चमध्ये ५८७. रायफलचा एक स्क्रूही बदललेला नव्हता.

यामुळे आमचे मंडळ सुधारले असे कोणी समजू नये. चर्चा तशीच दोन तास चालते. फक्त तिच्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. इंजिनियरसाहेबांनी आपले दोन्ही डोळे तपासून घेतले आणि कोणत्या कंपनीचे भिंग अधिक टिकते याची माहिती गोळा करायला सुरुवात केली. कोल्हापूरकर विचारतात, "तुमचे देशी की परदेशी? केवढ्याला पडले?" आणि परवा एक नवीच गोष्ट घडली. एन. सी. सी.तून आलेली एक अठरा वर्षांची मुलगी रेंजची सामायिक रायफल वापरते. ती पार जुनी, दस्त्याला दोरा गुंडाळलेली. त्या मुलीने त्या रायफलवर ५९१ केले. आम्ही चौघे तिच्या निशाणाभोवती उभे राहिलो. कोणाला काय विचारावे सुचेना. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "बाळ, तू चाप किती ग्रॅमवर ठेवला आहेस?" ती म्हणाली, "काका, तो हलवायचा कसा तेच मला ठाऊक नाही." तिला पुढच्या राज्यस्पर्धेला माझी रायफल वापरायला मिळेल का, याचे नियम मी सध्या पाहतो आहे. नळीचे आयुष्य अजून पुष्कळ आहे. ते तिच्यासारखीच्या गालाशी गेले तर बरे.

आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. मी म्हणालो, त्याची घाई नाही. नेम धरताना तो डोळा झाकलेलाच असतो, त्याला भिंग बसविले काय आणि न बसविले काय.

"आणि बाकीच्या वेळी?" आमच्या हिने विचारले. "आठवड्यातला पाऊण तास तुम्ही नेम धरता. उरलेला वेळ आम्हीही तुमच्या समोरच असतो."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख घेतली आहे.